हाकेआधीची ओ

१

सामसूर नावाचा मुलूख नकाशात सापडत नाही. गुणवंतराव बोरकुटे यांनी तो तीन पुस्तकांत मिळून रचला. त्यात राजे नाहीत, लढाया नाहीत, राक्षस नाहीत. बांध घालून केलेल्या धानाच्या बांध्या आहेत, कौलारू घरं आहेत आणि सगळी माणसं कामात आहेत. वाचताना वाटतं, हे तर आपल्याकडचंच एखादं खेडं. मग मध्येच एखादं वाक्य येतं आणि अंगावर काटा उभा राहतो. त्यातलं सगळ्यात गाजलेलं वाक्य असं: सामसूरमध्ये ओ आधी येते, हाक नंतर. म्हणून तिथे कोणी कोणाला हरवत नाही.

१९५७ साली मी नागपूरच्या एका कॉलेजात मराठी शिकवत होते आणि सामसूरवर प्रबंध लिहीत होते. हा मुलूख लेखकाच्या मनात आला कुठून, एवढाच माझा प्रश्न होता, आणि उत्तरही मी जवळजवळ ठरवून टाकलं होतं. गुणवंतराव पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीतले. लहानपणापासून त्यांनी दंडारी, तिकडची लोकनाट्यं, पाहिलेली. दंडारीत गाणारा ओळ टाकतो आणि मागचे झीलकरी ती उचलतात. झीलकरी मुरलेले असले तर कधी कधी गाणाऱ्याचं तोंड उघडायच्या आतच ओळ उचलली जाते. हाकेआधीची ओ तिथूनच आली असणार. त्यांच्या तोंडून तेवढं वदवून घेतलं की माझं शेवटचं प्रकरण पूर्ण होणार होतं.

चैत्र संपता संपता मी निघाले. चांद्याहून मोटारीने आष्टी, तिथे वैनगंगा डोंग्यातून ओलांडली, पुढे लाकडाच्या लॉरीत ड्रायव्हरशेजारी बसून आलापल्ली. गुणवंतराव जंगलखात्यातून कारकून म्हणून निवृत्त झाले होते, पण अजून खात्याच्याच घरात राहत होते. लाकडाच्या डेपोच्या शेवटी ते घर. पुढे ओसरी, मग मधली खोली, तिच्यामागे स्वयंपाकघर आणि स्वयंपाकघरातून आत गेलं की पश्चिमेकडची एक लहान खोली. त्या खोलीच्या खिडकीपासून सागाचं जंगल सुरू व्हायचं. उन्हाळ्यामुळे झाडांवर पान नव्हतं. सगळी पानं खाली, घोट्याएवढी. त्यावरून कुत्रं चाललं तरी पापड मोडल्यासारखा आवाज यायचा.

नवरा-बायको दोघंच राहत. गुणवंतराव बारीक, उंच, कमी बोलणारे. रंभाबाई ठेंगण्या, हाताला सतत काम. दोघांनी मला फार मायेने ठेवून घेतलं. सकाळी ओसरीवर आमचं बोलणं व्हायचं, दुपारी जेवण, मग सगळे आडवे. उन्हं कलल्यावर पुन्हा चहा आणि बोलणं.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी माझ्या एक गोष्ट लक्षात आली. या घरात कोणी कोणाला हाक मारत नव्हतं. जेवण तयार झालं की रंभाबाई ओसरीच्या दारात येऊन नुसत्या उभ्या राहत आणि गुणवंतराव उठत. त्यांना पाणी हवं असलं तर ते स्वतः उठून आत जात. म्हाताऱ्यांच्या घरात असं होतं, असं मी मनाशी म्हटलं. पण एकदा माझी दौत सांडली आणि मी ओसरीवरून जोराने ओरडले, "रंभाबाई, फडकं द्या हो."

गुणवंतराव ताठ झाले. आतून भांड्यांचा आवाज थांबला. रंभाबाई फडकं घेऊन आल्या, पण त्यांचा चेहरा उतरला होता.

"बाई," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "काई लागलं तर आतमंदी येऊन सांगत जा. हाक नोका मारू इथी."

मी कारण विचारलं नाही. पाहुण्याने विचारू नये अशा स्वरात त्या बोलल्या होत्या.

२

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी दुपारी मी मधल्या खोलीत चटईवर पडले होते. गुणवंतराव ओसरीवर झोपले होते, त्यांचं घोरणं ऐकू येत होतं. रंभाबाई बाहेर धुण्याच्या दगडावर होत्या. लुगडं आपटल्याचा आवाज एका लयीत येत होता.

तेवढ्यात पश्चिमेकडच्या खोलीतून आवाज आला.

"ओऽ."

तरुण बाईचा आवाज. लांबून नाही, घरातूनच. त्यात घाई नव्हती, दचकणं नव्हतं. हातात काम असताना आईने बोलावलं तर आपण देतो, तशी साधी ओ.

मला आधी काहीच वाटलं नाही. कोणी शेजारीण आली असेल, रंभाबाईंनी तिला बोलावलं असेल, तिने ओ दिली. मी कूस बदलली. मग माझ्या ध्यानात आलं की कोणी बोलावलंच नव्हतं. लुगडं आपटणं थांबलं होतं. ओसरीवरचं घोरणंही थांबलं होतं.

मी उठून स्वयंपाकघरातून त्या खोलीत गेले. दार उघडंच होतं. आत एक रिकामी बाज, कोपऱ्यात धानाची कणगी. खिडकीला लाकडी गज. बाहेर पानांवर ऊन पडलं होतं आणि एक पानही हलत नव्हतं. कोणी आलं असतं किंवा गेलं असतं तर मला ऐकू आलंच असतं.

मी वळले तर रंभाबाई दारात उभ्या होत्या. कोपरापासून पाणी गळत होतं.

"ऐकलं तुमी?" त्यांनी विचारलं.

"कोण होतं?"

त्यांनी पदराने हात पुसले. त्यांच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. उलट, फार दिवसांनी कोणाचा तरी निरोप मिळावा तसं काहीतरी होतं. त्या परत धुण्याकडे गेल्या आणि लुगडं आपटण्याचा आवाज पुन्हा सुरू झाला.

३

त्या संध्याकाळी मी स्वतःला समजावण्यात बराच वेळ घालवला. या जंगलात भीमराज नावाचा पक्षी आहे. काळा, शेपटीला दोन लांब तारा. तो माणसाच्या आवाजाची नक्कल करतो, बैलाच्या घंटीची करतो, मांजराचीही करतो. बाहेरच्या झाडावरून तो बोलला असेल आणि रिकाम्या खोलीत आवाज घुमला असेल. हे पटण्यासारखं होतं. मी ते स्वतःला पटवलंही.

फक्त एक अडचण होती. नक्कल करायला त्या पक्ष्याने तशी ओ कुठेतरी ऐकायला हवी, आणि या घरात तर कोणी हाकच मारत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गुणवंतरावांना दंडारीबद्दल विचारलं. झीलकऱ्यांची गोष्ट सांगितली, माझा तर्क मांडला. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"छान जमलं आहे," ते म्हणाले. "असंच लिहा."

"पण खरं आहे का हे?"

"प्रबंधासाठी चालते ना? मंग झालं."

मला राग आला. मी इतक्या लांबून, नदी ओलांडून, लॉरीत धक्के खात आले होते ते चालवून घ्यायला नाही. मी म्हटलं, "तुमच्या पहिल्या पुस्तकात हा नियम आहे. पुढच्या दोन्हीत आहे. पण कुठेही तुम्ही त्याची गंमत केली नाहीत, त्याचं नवल केलं नाहीत. जणू कोणीतरी तुम्हाला सांगितलं आणि तुम्ही ते ऐकून लिहिलं."

गुणवंतरावांनी चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्याने पुसायला घेतला. पुसून झाल्यावरही ते पुसतच राहिले.

"आज ऊन लई आहे," ते म्हणाले आणि उठून आत गेले.

त्या दुपारी मी मुद्दाम जागी राहिले. त्या खोलीच्या उंबऱ्यापाशी भिंतीला टेकून पुस्तक घेऊन बसले. डोळे अक्षरांवर होते, कान आत. काहीच झालं नाही. उंबरा थोडा थंड वाटत होता, एवढंच. बाहेर एवढी आग होती आणि माझ्या पाठीमागे, त्या खोलीच्या बाजूने, ओल्या मातीचा वास येत होता. रंभाबाईंनी सारवलं असेल म्हणून मी हात लावून पाहिला. भुई कोरडी खडखडीत होती.

मी तिथून उठले आणि ओसरीवर जाऊन बसले. उगीच नको तिथे आपण बसलो आहोत, असं वाटायला लागलं होतं.

४

पलीकडच्या घरात अख्तरी राहायची. तिचा नवरा अयूब डेपोतल्या बैलगाड्यांची चाकं घडवायचा. मूळची मंडळी चांद्याची. ती रोज विहिरीवर भेटायची आणि आपणहून बोलायची. त्या दिवशी तिने घागर खाली ठेवली आणि माझ्याकडे नीट पाहिलं.

"तुमी बी ऐकलं ना?"

मी मान हलवली. कोणाशी तरी हे बोलता येतंय, याचंच मला बरं वाटलं.

"आमच्या आंगणात बी येते आवाज," ती म्हणाली. "आमी इथी रहायले आलो तवा माही खैरुन पाळण्यात होती. तवा ते लहान पोरीचा आवाज होता. मले वाटे, बोरकुटेबाईची नातीन असंन."

"आणि मग?"

"मंग ते मोठी झाली."

"कोण मोठी झाली?"

"ते आवाजवाली, बाई. दरसाल थोडी थोडी. मधात एक साल तर घसा बसल्यावानी ये. पोरी मोठ्या होतात तवा होते ना, तसा. आता तर पुरी बाईमाणूस झाली."

ती हे अगदी साधेपणाने सांगत होती. शेजारची मुलगी आपल्यासमोर मोठी झाली, असं सांगावं तसं. माझ्या हातातला दोर मात्र ओला झाला होता आणि तो विहिरीच्या पाण्याने नव्हे.

"भीती नाही वाटत?"

"पहिले वाटे. बिलकुल झोप नाई ये. मंग सवय झाली. कोणाचं बुरा तं करत नाई ना ते." तिने घागर उचलली. "पण आमच्या घरी बी कोणी जोरानं हाक नाई मारत. काम असलं तं माणूस पाठवतो."

जाता जाता तिने एवढंच सांगितलं, की बोरकुट्यांना एक मुलगी होती. ती गेली. कशी गेली ते तिला ठाऊक नव्हतं आणि विचारायची हिंमत तिने कधी केली नव्हती.

५

घर सोडण्याचा हुकूम मी तिथे असतानाच आला. राज्यांची फेररचना झाल्यापासून वरचे साहेब बदलले होते. निवृत्त माणसाला इतकी वर्षं राहू दिलं हेच पुष्कळ होतं. आता ते घर नव्या माणसाला लागत होतं. त्यात कोणाची चूक नव्हती. गुणवंतरावांचा धाकटा भाऊ सावली नावाच्या गावी शेती करत होता. त्याने दोन खोल्या रिकाम्या करून ठेवल्या होत्या.

हुकूम वाचून गुणवंतराव ओसरीच्या खांबाला टेकून बसले. रंभाबाई आत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. मी गुणवंतरावांसमोर बसले आणि सरळ विचारलं, "तुमच्या मुलीबद्दल सांगाल?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. टाळायची ताकद आता त्यांच्यात उरली नव्हती.

"तुमचा प्रबंध चुकला, बाई," ते म्हणाले. "दंडार नाई, गोंडी गोष्टी नाई, पुराण नाई. सामसूर माह्या पोरीचं आहे."

मग ते सावकाश सांगत गेले. मुलगी बोलायला लागली तेव्हापासूनच आधी ओ द्यायची. आईच्या मनात नुसतं आलं, पोरीला बोलवावं, की अंगणातून ओ यायची. सगळे हसायचे. थोडी मोठी झाली तेव्हा त्यांनी तिला विचारलं, असं काऊन करतेस? ती म्हणाली, सामसूरात असंच असते. मग संध्याकाळी ती सांगायची आणि ते लिहायचे. चुकलं तर ती दुरुस्त करायची. बाबा, बांधीच्या त्या बाजूले घर नाई. बाबा, ते बाई हासत नाई, कामात रायते.

"मले वाटे, माही पोरगी मोठी लेखिका होईल," गुणवंतराव म्हणाले.

ती नऊ वर्षांची असताना अशाच उन्हाळ्यात दुपारी आतल्या खोलीत झोपली होती. रंभाबाई स्वयंपाकघरात तांदूळ निवडत होत्या. आतून ओ आली. रंभाबाईंनी हाक मारली नव्हती. त्यांच्या मनातही आलं नव्हतं. त्या उठून पाहायला गेल्या तर बाज रिकामी. खिडकीला गज. दाराच्या वाटेत त्या स्वतः बसलेल्या. बाहेरच्या पानांवर कोणाचं पाऊल वाजलं नव्हतं. डेपोतले सगळे मजूर जंगलात उतरले, ढोल वाजवले, नाले धुंडाळले. पोलीस आले. काही सापडलं नाही, एक चिंधीसुद्धा.

"त्या दिवशी तिला हाक कोणी मारली होती?" मी विचारलं.

"तेच तं," गुणवंतराव म्हणाले.

पुढल्या उन्हाळ्यापासून ओ यायला लागली. वर्षातून काही वेळा. नेहमी दुपारी, नेहमी त्या खोलीतून.

"मग तुम्ही तिला बोलावत का नाही?"

"ओ आली म्हणजे हाक अजून व्हायची आहे. एकदा हाक मारली का हिशोब पुरा झाला. मंग ओ कायले येईल?" त्यांनी आवाज खाली आणला. "म्हणून तिचं नाव आमी घेतलं नाई. एकदाबी नाई. आन् दुसरं सांगू? हाक मारली आन् दुसरंच कोणी आलं तर?"

दारात रंभाबाई उभ्या होत्या. किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे. नवऱ्याकडे त्यांनी ज्या नजरेने पाहिलं, ती मला अजून आठवते.

६

मी परत जायचं पुढे ढकललं. कारण म्हणून मी प्रबंधाचं नाव सांगितलं, पण त्या दोघांना तसं सोडून जाववत नव्हतं. आम्ही तिघांनी सामान बांधलं. अयूबने गाडी आणली, आणि त्याने आणि अख्तरीने मिळून ती भरली. दुपारचं जेवण उरकून निघायचं ठरलं. आतल्या खोलीतली बाज काढली, कणगी काढली. खोली रिकामी झाली तेव्हा पहिल्यांदाच ती मोठी वाटली. जेवढी बाहेरून दिसत होती त्याहून मोठी.

अयूब बैल जुंपायला गेला. अख्तरी अंगणात उभी होती. रंभाबाई स्वयंपाकघरात आल्या, पदर खांद्यावरून घट्ट ओढून घेतला आणि त्या खोलीच्या उंबऱ्यापाशी उभ्या राहिल्या.

गुणवंतराव धावतच आले. "अवो, नोको," ते म्हणाले. त्यांनी बायकोचा हात धरला. "हाये तेवढं तरी राहू दे."

"कुठी राहील?" रंभाबाई म्हणाल्या. "आपण चाललो. उद्या इथी दुसरं कोणी येईल. पोरगी ओ देईल आन् घरात तिचं कोणीच नसंन." त्यांचा आवाज वर गेला नाही. "इतके वर्ष झाले, पोरगी ओ देऊन राह्यली. आन् मी मायबाई, तोंडावर हात ठेवून बसली. मले भेव होतं का ओ सरंन. तिले काय वाटत असंन? मी ओ देतो, माही माय बोलवत नाई?"

गुणवंतरावांचा हात सुटला. त्यांनी दोन्ही हातांनी चेहरा झाकून घेतला.

मी चुलीच्या बाजूला, भिंतीला चिकटून उभी होते. तिथून मला खोलीचं दार आणि चौकट यांच्यामधली अरुंद फट दिसत होती. माझ्या मनात एकच गोष्ट चालू होती: काही होणार नाही. एक आई एका रिकाम्या खोलीत हाक मारेल, रडेल, आणि आपण गाडीत बसू. असंच होईल. असंच व्हायला हवं.

"वच्छलाऽऽ," रंभाबाईंनी हाक मारली.

त्या घरात ते नाव इतक्या वर्षांनी उच्चारलं गेलं होतं. किती साधं नाव होतं.

ओ आली नाही. बाहेर बैलांच्या गळ्यातल्या घंट्या वाजत होत्या, त्या थांबल्या. काहीच वाजेनासं झालं. मग ओल्या मातीचा वास आला. आधी थोडा, मग असा, की आम्ही बांधावरच उभे आहोत.

फटीतून मला दोन पाय दिसले. गुडघ्यापर्यंत चिखल. लुगडं वर खोचलेलं. एक हात खाली लोंबत होता, त्यात धानाच्या पऱ्ह्यांची, कोवळ्या रोपांची, जुडी, आणि जुडीतून पाणी ठिबकत होतं. पाठ आमच्याकडे होती. रोवणी करताना बाई जशी कमरेवर हात ठेवून हळूहळू सरळ होते, तशी ती सरळ झाली. उंच होती. मागून हाक आली की आपण वळतो तशी ती वळायला लागली.

तिच्या पलीकडे आणखी पाठी होत्या. ओळीने वाकलेल्या, दूरवर, त्या खोलीत मावणार नाहीत इतक्या. आणि त्याही थांबल्या होत्या. एक सरळ झाली. मग तिच्या शेजारची.

मी मान फिरवली. पाहायचं नाही असं ठरवून नव्हे. मान आपोआप फिरली. मी चुलीतल्या राखेकडे पाहत राहिले.

दार लागल्याचा आवाज झाला. रंभाबाईंनी ते हळूच, पाळण्यातलं मूल उठू नये तसं, ओढून घेतलं होतं.

"चला," त्या म्हणाल्या. "त्याह्यचं काम खोळंबलं."

नंतर मी स्वतःला सांगितलं, की ऊन होतं, कामाचा थकवा होता, गजांमधून येणारी उन्हाची तिरीप होती. दार उघडून पाहायला मात्र मी गेले नाही. अख्तरी अंगणात पदराने डोळे पुसत होती. तिने काय ऐकलं ते मी विचारलं नाही.

गाडी डेपोच्या बाहेर पडली. मग गुणवंतराव समोरच्या बैलांकडे पाहत म्हणाले, "मी डोळे झाकले होते."

"मले माहीत आहे," रंभाबाई म्हणाल्या.

"कशी होती?"

"उंच झाली. माह्यावरून गेली. नाक तुमचं आहे."

गुणवंतरावांनी आपल्या नाकाला हात लावला. "हासली?"

"नाई जी. कामात होती." रंभाबाई थोडं थांबल्या. "पण पाह्यलं तिनं. मले वळखलं."

गुणवंतराव रडायला लागले, आणि रडता रडता मध्येच त्यांना हसू आलं. अयूबने मागे वळून पाहिलं नाही. त्याने बैलांना जरा हळू घेतलं.

७

श्रावणात मी सावलीला गेले. प्रबंध पूर्ण झाला होता. शेवटच्या प्रकरणात मी लिहिलं होतं, की सामसूरची मूळ कल्पना लेखकाच्या मुलीची आहे, तिचं नाव वच्छला, आणि तीन पुस्तकांपैकी पहिली दोन तिने सांगितलेली आहेत आणि तिसरं तिने सांगून ठेवलेल्यावरून लिहिलेलं आहे. पुरावा काय, असं माझ्या मार्गदर्शकांनी विचारलं होतं. मी म्हटलं होतं, लेखकाचं निवेदन. ते पान मला गुणवंतरावांना वाचून दाखवायचं होतं.

ते बांधावर छत्री घेऊन बसले होते. पान वाचून झाल्यावर त्यांनी वच्छलाच्या नावावर बोट ठेवलं आणि बराच वेळ ठेवून दिलं. मग म्हणाले, "मी चौथं पुस्तक लिहून राह्यलो. सांगणारी नाई तं चुका होतील. होऊ द्या."

त्यांचा रंग सुधारला होता. भावाच्या सुनेशी ते मोठ्याने बोलत होते, पाण्यासाठी हाका मारत होते.

समोरच्या बांधीत बाया रोवणी करत होत्या. ओळीने वाकलेल्या पाठी पाहून मी पाय मागे घेतला. मग त्यातली एक ठेंगणी पाठ ओळखीची वाटली आणि मी श्वास सोडला. रंभाबाईंच्या हातालाही पऱ्ह्यांची जुडी होती. या वयात कशाला, असं मी गुणवंतरावांना विचारलं. ते म्हणाले, "तिले कोण थांबवेल? म्हणते, पोरगी रोवते तं मी काऊन बसू?"

जेवायची वेळ झाली. बाया वर आल्या, पाटात पाय धुतले. रंभाबाई मात्र बांधाच्या टोकाला गेल्या, पश्चिमेकडे तोंड केलं आणि सगळ्या शिवाराला ऐकू जाईल अशी हाक मारली.

"वच्छलाऽऽ, भात खाऊन घे वोऽ."

कुठूनही ओ आली नाही. मी वाट पाहिली. दुसऱ्या कोणी पाहिली नाही. बायांना हे रोजचं दिसत होतं. रंभाबाई माझ्याजवळ येऊन बसल्या, गालावरून हात फिरवला, बारीक झालीस म्हणाल्या.

"ओ येते का आता?" मी हळूच विचारलं.

"आता कशी येईल? आता माही हाक अगोदर असते. ते आयकते, आपल्या फुरसतीनं देईल." त्यांनी भाताचं गाठोडं सोडलं. "पहिले मले तिची वाट पाहा लागे. आता तिले माही हाक तरी आहे."

भातावर आंबाडीची भाजी होती. सगळ्यांनी मिळून खाल्लं. खाता खाता रंभाबाई सांगत होत्या, वच्छला लहान असताना पेजेत मीठ जास्त मागायची, एकदा कोंबडीला झोळीत निजवलं होतं, बापाची टोपी घालून डेपोत साहेब म्हणून फिरली होती. गुणवंतराव बांधावरून मध्येच म्हणाले, "टोपी नाई, पगडी होती." सावलीच्या त्या बायांनी वच्छलाला कधी पाहिलं नव्हतं. त्या हसत होत्या, घास हातात धरून थांबत होत्या, आणि रंभाबाई जरा थांबल्या की त्यातली कोणीतरी विचारत होती, "आन् मंग?"